बेलदरीच्या म्हसोबाचे जन्मदाते

आंजनवाडीत कुणालाही विचारा, अगदी शाळेच्या भिंतीवर पाय सोडून बसलेल्या रिकामटेकड्याला विचारा, तो छातीवर हात ठेवून सांगेल की पंचाक्षरी अप्पांच्या स्वप्नात म्हसोबा आला होता. नुसता आला नाही, काळ्या रेड्यावर बसून आला, अप्पांच्या उशाशी उभा राहिला आणि म्हणाला, "पंचाक्षरी, ऊठ! मी बेलदरीत मातीखाली घुसमटलोय. मला बाहेर काढ!" अप्पा म्हणे घामाघूम होऊन उठले, अनवाणी दरीत धावले, नखांनी माती उकरली, आणि आत देव! तोही शेंदूर फासलेला, डोळे लावलेला, एकदम तयार. सांगणारा जरा रंगात आला असला तर रेड्याच्या गळ्यात घंटाही बांधतो, आणि ती कशी वाजली तेही तोंडानं वाजवून दाखवतो.

हे सगळं साफ खोटं आहे. एक तर अप्पांना स्वप्नं पडत नाहीत. पित्तामुळं त्यांना झोपच धड लागत नाही, तर स्वप्न कुठून पडायचं? दुसरं म्हणजे अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग असलेल्या माणसाच्या स्वप्नात यायचंच झालं तर महादेव येईल. बोकड मागणारा म्हसोबा अंड्यालासुद्धा न शिवणाऱ्या घरात कशाला वाट वाकडी करील? खरं असं आहे की तो दगड अप्पांनी नाल्यातून निवडून आणला, युरियाच्या पोत्यात घालून सायकलच्या कॅरेजला बांधला, दरीत नेऊन उभा केला आणि जंगल खात्याच्या उरलेल्या ऑइलपेंटनं रंगवला. डोळे चुन्याचे. एक डोळा जरा वर गेलाय, कारण रंगवताना अप्पांना शिंक आली. त्या वर गेलेल्या डोळ्याकडं बघून पुढं कित्येक बायाबापड्या म्हणाल्या, "बगा, देव कसा रागानं बगायलाय!"

आता अप्पांना हा उद्योग सुचला कावून, ते सांगायला हवं.

अप्पा मूळचे सिरसाळ्याचे. घरचं किराणा दुकान. बापआजे तराजू धरूनच जन्माला आलेले. अप्पांच्या हाती मात्र तराजू ठरेना, कारण त्यांची जीभ मध्ये यायची. बाई विचारायची, "तूरडाळ चांगली हाय का?" अप्पा म्हणायचे, "किडे हायेत. पण जिवंत हायेत, म्हंजे औषध मारलेलं न्हाई. न्या." कुणी गुळाची ढेप हातात घेऊन वास घेतला की म्हणायचे, "वास कशाला घेताव? रातच्याला उंदीर बसलाता त्याच्यावर, त्याला इचारा." धाकटा भाऊ वीरेश शेवटी हात जोडून म्हणाला, "अण्णा, तू दुकानात बसलास तर दुकान उठंल. जिथं गिऱ्हाईक येत न्हाई असं काई काम बघ."

जंगलात गिऱ्हाईक येत नाही, अशी वीरेशची भाबडी समजूत. अप्पा धारूरच्या घाटाकडं आले, रोजंदारीवर लागले, पुढं कायम वनमजूर झाले, ईश्वरीकाकूंना घेऊन आंजनवाडीत राहिले. आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की जंगलातही गिऱ्हाईक येतं. फक्त पिशवीच्या जागी कुऱ्हाड घेऊन येतं आणि भाव विचारत नाही.

अभयारण्य म्हटलं की शहरातल्या लोकांना काय काय दिसतं कुणास ठाऊक. आमच्या अभयारण्याच्या फाटकावर गाडी थांबते, काळा चष्मा घातलेलं एक डोकं बाहेर येतं आणि विचारतं, "काका, वाघ आहे का?" अप्पा म्हणतात, "हाय ना. त्या बोर्डावर." बोर्डावर खरंच वाघ आहे. तो कुणी काढला, कशासाठी काढला, देव जाणे. रंगाऱ्याला मोर जमला नसावा. खरा ऐवज म्हणजे मोर, तरस, सायाळ, कधीमधी लांडगा. तरस दिसला की लोक "बिबट्या! बिबट्या!" करत पळतात आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कुठल्या तरी भलत्याच राज्यातल्या बिबट्याचा व्हिडिओ फिरतो, खाली लिहिलेलं असतं, 'आंजनवाडी शिवार, काळजी घ्या'.

म्हातारी माणसं अजून खात्याला 'जंगलात' म्हणतात. निजामाच्या वेळची सवय, उर्दूत जंगल खात्याचं नावच ते. त्या वेळी म्हणे हा सगळा डोंगर धावडा, सालई, मोह, अंजन यांनी गच्च होता आणि कुऱ्हाड खांद्यावर दिसली तरी जंगलातवाला पाठ सोलायचा. निजाम गेला, पाठी सुटल्या, आणि आमच्या लोकांनी स्वातंत्र्याचा अर्थ कुऱ्हाड असा लावला. ठेकेदार आले, भट्ट्या लागल्या, धावड्याचा कोळसा झाला. डोंगर उघडा पडला तेव्हा त्याच्यावर सीताफळ माजलं, कारण शेळी सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाही. म्हणजे आमच्या डोंगरावर काय उगवायचं ते शेळीनं ठरवलं. माणसांनी ठरवलं असतं तर तेवढंही राहिलं नसतं. मग हिरवळ दिसावी म्हणून वरून कुणीतरी गिरिपुष्प लावायचा हुकूम काढला. त्याच्या सावलीत गवत उगवत नाही, पाखरू बसत नाही, पण लांबून फोटोत हिरवं दिसतं. फोटो काढणारे कधी जवळ येतच नाहीत, त्यामुळं सगळ्यांचं बरं चाललंय.

या सगळ्यातून एकच जागा वाचली, ती बेलदरी. दोन कड्यांच्या मधली अरुंद दरी. तळाशी उन्हाळ्यातही न आटणारा झरा. काठावर बेलाची जुनी झाडं आणि तोडल्या धावड्यांच्या बुडख्यांतून फुटणारे नवे धुमारे. डोंगरभरचे मोर पाण्याला इथंच उतरतात. अप्पा रोज पूजेला तिथलाच बेल आणतात. आणतात म्हणजे खाली पडलेला, झाडाचा तोडलेला नाही. ही दरी राहिली तर पुढंमागं डोंगर पुन्हा झाडांनी भरेल, असं अप्पांचं गणित. बी इथूनच वाऱ्यावर जाणार. दरी गेली की बोर्डावरचा वाघ तेवढा उरणार.

आणि दरी चाललीच होती. अप्पा एकटे, दरीला तोंडं दोन. ते या तोंडाला बसले की त्या तोंडातून ठक ठक. त्या तोंडाला पळाले की या तोंडातून मोळी डोक्यावर घेऊन बाया हसत बाहेर. अप्पांनी बोर्ड लावला: 'वृक्षतोड करणाऱ्यास शिक्षा होईल.' आठवड्यानं बोर्डाचा पत्रा एका खुराड्याच्या छपरावर दिसला. आत कोंबड्या, वर शिक्षा. अप्पांनी एकाची कुऱ्हाड जप्त केली, तर घरी पोचायच्या आत युवराजभैय्यांचा फोन. हे भैय्या म्हणजे आमचे तालुक्याचे भावी सगळं काही. "अप्पा, गरीब माणूस हाय, सोडून द्या. आपलंच जंगल हाय ना?" भैय्यांच्या तोंडी 'आपलं' हा शब्द आला की ती वस्तू फार दिवस टिकत नाही.

अशात एकदा अप्पांच्या नजरेला गावातली गोष्ट आली. वेशीजवळच्या म्हसोबाला खेटून एक वठत चाललेला लिंब आहे. त्याची फांदी वाऱ्यानं मोडून खाली पडली होती. ऐन सरपणाच्या टंचाईत ती तशीच पडून वाळत होती. त्याच बाया, ज्या कोवळा धावडा कापताना मागंपुढं बघत नव्हत्या, त्या फांदीला वळसा घालून, पदर सावरून, नमस्कार करून जात होत्या.

अप्पा घरी आले आणि पोतं शोधायला लागले.

ईश्वरीकाकूंनी विचारलं, "कुठं निगालाव?"

"खात्याचा माणूस भरती करायलोय," अप्पा म्हणाले. "पगार न्हाई, रजा न्हाई, फोनला भीत न्हाई."

काकूंनी पोत्यात डोकावून पाहिलं, दगड पाहिला, रंगाचा डबा पाहिला आणि कपाळावरच्या भस्माला हात लावला. "गळ्यात लिंग हाय वो तुमच्या! कुठं फेडाल हे?"

"दरीत," अप्पा म्हणाले आणि गेले.

भरती झालेला माणूस कामाला पक्का निघाला. पहिल्याच दिवशी लाकूडतोड्यांचा एक जथा दरीच्या तोंडाशी आला, शेंदरी दगड बघून थबकला, कुजबुजला, चपला काढल्या आणि आल्या पावली परतला. दुसऱ्या तोंडाला अप्पांनी नुसता लाल ठिपका लावला होता, तोही पुरला. दोन-तीन पावसाळ्यांत धावड्याचे फुटवे माणसाच्या डोक्यावर गेले, झऱ्याकाठी लव्हाळा दाटला, लांडोरी पिल्लांची रांग लावून दुपारी उघड्यावर फिरू लागल्या. अप्पा दगडाजवळून जाताना नमस्कार करत नसत; साहेबानं हाताखालच्या माणसाची हजेरी घ्यावी तशी मान हलवत.

इथंच ही गोष्ट संपली असती तर आमचं गाव आमचं गाव राहिलं नसतं.

सोमनाथ ढाबेवाल्याची म्हैस हरवली. हायवेच्या कडेला त्याचा ढाबा, आणि तिथून म्हैस सुटली तर ती पाण्याकडं जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. पाणी कुठं? बेलदरीत. म्हैस तिथं डुंबत सापडली, दगडापासून हाताच्या अंतरावर. पण सोमनाथनं शोधायला निघताना "सापडू दे रे बाबा" असं म्हटलं होतं. झालं! म्हैस पाण्याला गेली नव्हती, म्हसोबानं राखून ठेवली होती. सोमनाथनं नवसाचं बोकड कापलं. आमच्याकडं याला कंदुरी म्हणतात: देवासमोर बोकड पडायचं, तिथंच रटरट शिजायचं आणि पाहुण्यारावळ्यांनी हात चाटत जेवायचं.

पुढच्या रविवारी दोन कंदुऱ्या झाल्या. मग दर रविवारी. मग मंगळवारीही. आणि जिथं कंदुरी तिथं अंगात येणारा हवाच. ती जागा नवनाथनं भरली. नवनाथ म्हणजे दहावीला गणितात आणि पुढं प्रत्येक धंद्यात नापास झालेला गडी. तो झऱ्यात अंघोळ करायचा, केस मोकळे सोडायचा आणि घुमायचा, "हूंऽऽ! हूंऽऽ! कोन आलंय माज्या दारी? कोनाची सून नांदत न्हाई?" सगळ्यांच्याच सुना कधी ना कधी नांदत नसतात, त्यामुळं नवनाथचा नेम चुकत नसे.

अप्पांना वाटलं, निदान झाडं तरी सुरक्षित आहेत. देवाच्या रानातली काडी मोडायची नाही, हे तर लोकच म्हणत होते. पण कढई तापवायची कशावर? पहिल्यांदा एकानं वाळकी काटकी उचलली. दुसऱ्यानं ओली फांदी. अप्पा धावत गेले. "ये बाबा, देवाचं झाड हाय ना ते? देव कोपंल ना?"

तो माणूस शांतपणे म्हणाला, "अप्पा, देवाच्या कामाला देवाचंच लाकूड चालतंय."

म्हसोबानं जी कुऱ्हाड थांबवली होती, तिला आता म्हसोबाचाच परवाना मिळाला होता. त्या उन्हाळ्यात बेलदरीतली जेवढी झाडं गेली तेवढी आधी कधी गेली नव्हती. झऱ्याच्या कडेला चुली, चुलींच्या कडेला हाडं, हाडांच्या कडेला द्रोण-पत्रावळ्या आणि त्यांच्या कडेला कुत्री. मोर दुसरीकडं उतरायला लागले. आणि एक थेंबही तांबडा रस्सा कधी न चाखलेले अप्पा आख्ख्या तालुक्यातल्या मटणाच्या पंगतीचे मूळ पुरुष होऊन बसले. काकू तर कपड्यांना मसाल्याचा वास येतो म्हणून अप्पांचं सदरा-धोतर दारातल्या दगडावर वेगळं टाकायच्या आणि वरून गोमूत्र शिंपडायच्या.

अप्पा वरच्या साहेबांकडं गेले. साहेब पाहणीला आले. दरीच्या तोंडाशी बूट काढले, टोपी काढली, प्रसादाचा पेढा घेतला आणि मग कामाला लागले.

"सदर देव कोणत्या सालापासून अस्तित्वात आहे?" साहेबांना बायकोशीही असंच बोलायची सवय आहे म्हणे.

"साहेब, देव मी केलाय. रंग खात्याचा हाय."

साहेबांच्या हातातला पेढा तसाच राहिला. इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "हे कुणापुढं बोलू नका. शासकीय रंगाचा अपव्यय होतो तो."

"अन् दरी?"

"धार्मिक बाब आहे. भावना नाजूक असतात. आपण पत्रव्यवहार करू." एवढं बोलून साहेब दगडासमोर पुन्हा वाकले आणि काहीतरी पुटपुटले. अप्पांचे कान तिखट. साहेब बदलीसाठी नवस बोलत होते.

मग अप्पांनी ठरवलं, आता लोकांनाच खरं सांगायचं. रविवारी भर दुपारी, कढया उकळत असताना, तो रंगाचा रिकामा डबा घेऊन ते एका धोंड्यावर चढले.

"ऐका रे! हा दगड मी नाल्यातून आणलाय. हा शेंदूर न्हाई, ऑइलपेंट हाय. हे बघा, डब्यावर छापलंय: सरकारी वापरासाठी. झाडं वाचवायला केलतं मी हे. देव न्हाई हा, हा धोंडा हाय! उठा, कढया उचला अन् घरी जा!"

क्षणभर पळ्या थांबल्या. माश्या तेवढ्या गुणगुणत होत्या. अप्पांना वाटलं, आता दगड बसतील. त्याची त्यांनी मनाची तयारी केली होती, डोक्याला जाड मुंडासं बांधूनच आले होते.

तेवढ्यात नवनाथ घुमला. "हूंऽऽ! पंचाक्षरीऽऽ! तुला काय वाटलं, तू आनलास? मी आलोऽऽ! तुज्या सायकलवर बसून मी आलोऽऽ! डबाबी माजाच!"

आणि सगळी दरी एका सुरात, "म्हसोबाच्या नावानं चांगभलं!"

एक म्हातारी डोळे पुसत पुढं आली आणि अप्पांच्या पाया पडली. "कसा नम्र मानूस! देवानं हातून एवडं करून घेतलं, पर गर्व न्हाई." अप्पांच्या हातातला डबा कुणीतरी अलगद काढून घेतला, दगडाशेजारी ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. अप्पांना टोपी-टावेल, नारळ मिळाला. त्याच दिवशी त्यांना 'आद्य भक्त' ही पदवी मिळाली आणि संध्याकाळी गावात रेड्यावरच्या स्वप्नाची गोष्ट सुरू झाली. खरं सांगून माणूस एवढा वाईट फसलेला मी दुसरा पाहिला नाही.

याच्यापुढचं संकट जेसीबीचं होतं. चैत्रात म्हसोबाची मोठी जत्रा भरवायची, असं युवराजभैय्यांनी जाहीर केलं. दरीत सभामंडप, आणि सभामंडपापर्यंत गाडीरस्ता. अभयारण्यात रस्ता काढायला परवानगी लागते, असं अप्पा म्हणाले तर भैय्या हसले. "आधी देव, मग परवानगी." जेसीबी ठरला. चुन्याची रेघ मारली गेली. अप्पा त्या रेघेबरोबर चालत गेले. रेघ दरीच्या तोंडातून शिरली, धावड्याच्या फुटव्यांवरून गेली, झऱ्याच्या मुखावरून गेली आणि पाच जुन्या बेलांच्या बुंध्यांवर फुल्या मारून दगडापाशी थांबली. रस्त्याचा मुरूम त्याच झऱ्यात पडणार होता. अप्पांनी एका बेलावरची फुली पंच्यानं पुसायला घेतली. चुना ओला होता, पुसला गेला नाही, फक्त पसरला. झाड आधीपेक्षा जास्त पांढरं दिसायला लागलं.

जेसीबी यायच्या आदल्या दिवशी सोमनाथच्या ढाब्यावर बैठक भरली. भैय्या खाटेवर बसून माईक नसतानाही माईकच्या आवाजात बोलत होते. "बंधूंनो अन् माता-भगिनींनो! म्हसोबाचा विकास, हाच माजा ध्यास!" माता-भगिनी एकही नव्हती, पण भैय्यांचं भाषण माणसं बघून बदलत नाही. मग त्यांनी आद्य भक्ताला दोन शब्द बोलायला सांगितलं, कारण आद्य भक्तानं बोलायची पद्धत असते.

अप्पा उभे राहिले. झाडं, पाणी, मोर, यातलं काहीच बोलले नाहीत. किराणा दुकानात जी जीभ वाया गेली होती, तिला त्या दिवशी गिऱ्हाईक सापडलं.

"भैय्या, सभामंडपावर तुमचं नाव राहणार का?"

"नाव म्हंजे... लोकांचा आग्रहच हाय. फोटोबी राहील."

"केवढा?"

भैय्यांनी लाजत लाजत दोन्ही हात फाकले.

"मग वर दरीत तो बघणार कोन?" अप्पा म्हणाले. "मोर? मोराला मतदान न्हाई."

भैय्यांचे फाकलेले हात तसेच राहिले. त्यांच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं, आणि ही घटना दुर्मीळ असल्यामुळं सगळेच बघत बसले.

"हितं बघा," अप्पांनी ढाब्याशेजारच्या मोकळ्या तुकड्याकडं बोट केलं. "सोमनाथची खाजगी जागा. समोर हायवे. धारूरच्या बस, उसाचे ट्रक, लग्नाच्या गाड्या, सगळ्या हितून जातेत. देव हितं बसला तर तुमचा फोटो बिनतिकिटाचा रोज हजारो लोक बघतील. वर डोंगरात कुणाला दावायलाव?"

सोमनाथचा जीव हरखला. देव दारात म्हणजे चहा, भजी, नारळ, पार्किंग. "मी जागा द्यायला तयार हाय," तो इतक्या झटकन म्हणाला की मागून कुणीतरी खोकलं.

नवनाथ मात्र उसळला. "देव असा जागचा हलत नसतो! कोप व्हईल!"

"नवनाथ," अप्पा शांतपणे म्हणाले, "दर रविवारी वर चढताना दोन पोरांच्या खांद्यावर हात टाकून चढतोस बे तू. गुडघे कुणाचे दुखतेत, देवाचे का तुजे? हितं रोज गाड्या थांबतील. रविवारची वाट बघायची गरज न्हाई. रोज घुमायला मिळंल."

नवनाथनं डोळे मिटले. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. "हूंऽऽ! हूंऽऽ! मला खाली यायचंयऽऽ! मला रोड पाहिजेऽऽ!"

"चांगभलं!" पहिला आवाज भैय्यांचा.

लोकांना सगळ्यात जास्त आनंद झाला. जे जे चढण चढून दम लागलेले होते, त्यांना एकदम समजलं की देवालाही इतके दिवस खाली यायचं होतं, बिचारा सांगत नव्हता एवढंच. अप्पांना दुसरं खोटं बोलावंच लागलं नाही. पहिलं खोटं लोकांनी खरं मानलं, खरं सांगितलेलं खोटं मानलं, आणि शेवटी फक्त सोय सांगितली ती सगळ्यांनी एका दमात मानली.

दुसऱ्या दिवशी जेसीबीची दिशा बदलली. तो ढाब्याशेजारची जागा सपाट करायला लागला. दरीच्या तोंडापर्यंत कशीबशी चढवलेल्या ट्रॉलीत गादी अंथरली, गादीवर म्हसोबा, म्हसोबाशेजारी डबा. पुढं डीजे, मागं पोरं नाचत. अप्पा ट्रॉलीत दगडाला मिठी मारून बसले होते. लोक म्हणाले, काय ही भक्ती, देव सोडवत नाही! अप्पांना काळजी एवढीच होती की वळणावर धोंडा निसटून परत दरीत जाऊ नये.

देव खाली बसवून अप्पा परत वर आले, तेव्हा मी त्यांना रिकाम्या दरीत गाठलं. दगडाच्या जागी ओलसर खळगा होता आणि अप्पा उरलेल्या द्रोणांचा ढीग करत होते. मला राहवलं नाही. म्हणालो, "अप्पा, लई खुशीत येऊ नका. आता ह्या खळग्याला मूळ स्थान म्हणतील. आपल्या लोकांना येका देवाच्या दोन जागा लागतेत. खाली दर्शन, वर मूळ स्थान. जत्रेला डबल गर्दी व्हईल बगा."

"येक मानूस चढणार न्हाई," अप्पा म्हणाले.

"चढणार."

"पैज?"

"पैज. हरलेल्यानं मिशी काढायची."

अप्पांची मिशी पांढरी, भरघोस, सिरसाळ्याहून आणलेली. माझी आत्ता कुठं उन्हात धरली तर दिसायला लागली होती, पण मी तिला रोज खोबरेल लावत होतो. मला वाटलं, सौदा माझ्या फायद्याचा आहे. लोकांच्या भक्तीवर माझा तेवढा विश्वास होता.

जत्रेच्या दिवशी आम्ही दोघं सकाळपासून दरीच्या तोंडाशी बसलो. खाली हायवेवर माणूस मावत नव्हता. भैय्यांचा फोटो सभामंडपापेक्षा मोठा. नवनाथचं घुमणं स्पीकरवरून डोंगरापर्यंत ऐकू येत होतं. कंदुऱ्यांचा धूर सरळ रेघेत आभाळात चालला होता. सरपण सोमनाथ विकत होता. दुपारपर्यंत वर कुणी फिरकलं नाही. मग एक माणूस पायवाटेनं येताना दिसला, हातात पाण्याची बाटली. मी टुणकन उठलो. "आला! भक्त आला!" माणूस निम्म्यापर्यंत आला, इकडंतिकडं बघितलं, सीताफळाच्या झुडपामागं बसला, काम उरकलं आणि खाली गेला.

"चढला की न्हाई?" मी म्हणालो.

"त्याची तातडी येगळी हुती," अप्पा म्हणाले.

ऊन कलल्यावर झऱ्यावर एक मोर उतरला. बराच वेळ मान वळवून बघत राहिला आणि मग पाणी प्याला. अप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. उठले, धोतर झटकलं आणि मला पुढं घालून खाली जत्रेत कटिंगवाल्याच्या खुर्चीपाशी नेलं.

कटिंगवाल्यानं साबण लावता लावता विचारलं, "एवढीशी मिशी, कावून काढायलास?"

मी मान खाली घालून म्हणालो, "नवस होता."

त्यानं लगेच वस्तरा बाजूला ठेवला आणि सभामंडपाकडं तोंड करून हात जोडले. "मग पावला का म्हसोबा?"

"पावला," मागच्या बाकड्यावरून अप्पा म्हणाले. "मला."